रिवाजामागची रोगाची साथ कशी शोधायची

आधी शिवेवर जा. आमच्या वरोऱ्याकडच्या गावात मरीमाय देवीचं ठाणं तिथंच आहे, पटकी (कॉलरा) गावाबाहेर थांबावी म्हणून.

मग म्हाताऱ्यांजवळ बसा. "रिवाज का?" असं नका विचारू. "साथीत पाहुण्याले घरात घेत होते का जी?" असं विचारा. माझी आजी सांगे, "पाय धुतल्याबिगर उंबरठा नाही." २००८ मध्ये फिंचर, थॉर्नहिल आदी संशोधकांनी मांडलं, की रोगराई जास्त तिथं माणसं समूहाला अधिक धरून राहतात. यावर वाद आहे, म्हणून प्रत्येक रिवाज साथीला जोडू नका. शिवाशिवीला तर रोगाचा बहाणा मुळीच देऊ नका, तो अन्याय होता.

कुष्ठरोग्यांना कुठं ठेवत, हेही विचारा. बाबा आमटेंचं आनंदवन इथूनच जवळ. उत्तर द्यायला माणसं वेळ घेतात; थांबा.