घोड्याच्या खुरांसाठी पूरक आहार कसा निवडावा

गेल्या वर्षी चवथीच्या थोडे आधी फोंड्याजवळच्या एका तबेल्यात एका घोडीचा पुढचा पाय उचलून पाहिला. खुराची भिंत कडेने बिस्किटासारखी तुटत होती, नालाचा खिळा धरायला जागाच उरली नव्हती. फळीवर खुरांसाठीच्या पावडरचे तीन डबे होते, तिन्ही अर्धे वापरलेले. गव्हाणीत मात्र भाताचा पेंढा आणि बादलीत भिजवलेला भाताचा कोंडा. एवढ्यावरून घोडीच्या पायात काय चालले आहे ते कळत होते. म्हणून माझे सांगणे असे, की दुकानात जायच्या आधी गव्हाणीत बघा.

त्याहीआधी दुखणे आहारातले आहे ना, याची खात्री करून घ्या. पावसात माणसाच्या बोटांत चिखल्या होतात, तसा घोड्याच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग ओल्या गोठ्यात कुजतो. काळपट घाण आणि तीव्र वास येतो. त्यावर उपाय म्हणजे कोरडी जमीन आणि रोजची सफाई. खूर गरम लागत असेल, घोडा पुढच्या पायांवर भार द्यायला कचरत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. यातले काहीही पावडरीने बरे होत नाही. नालबंदाची फेरी चुकत असेल तरीही भिंत फुटते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घेतलाच पाहिजे.

आता गव्हाण. भाताच्या पेंढ्यात पोषण फार कमी. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नगण्य, घोड्याला तर कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागते. आपल्याकडे दुभत्या गुरांसाठी लावलेले संकरित नेपिअर गवत घोड्यालाही घातले जाते. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. गाय ते पचवते, घोड्याला ते जमत नाही. हाच चारा महिनोन्महिने मुख्य राहिला तर हाडेसुद्धा ठिसूळ होतात. घाटावरून येणारे चांगले वाळलेले गवत आणि थोडा लसूणघास मिळाला तर कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही सुधारतात. शेंगदाण्याची पेंड दमट हवेत चटकन बुरसते आणि त्या बुरशीचे विष यकृताला बाधते, म्हणून पावसाळ्यात मी ती टाळतेच. प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड अधिक चांगली, पण कच्चे सोयाबीन घालू नका.

यानंतर वजन काढा, कारण सगळे प्रमाण त्यावर ठरते. काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 150 आणि लांबी 130 असलेले तट्टू साधारण 246 किलोचे भरते.

खुरासाठी ज्यावर सगळ्यात जास्त काम झाले आहे तो घटक बायोटिन, म्हणजे ब गटातले एक जीवनसत्त्व. लिपिझानर जातीच्या घोड्यांना रोज 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले होते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुधारणा दिसायला सुमारे नऊ महिने लागले. 500 किलोच्या घोड्याला हेच प्रमाण धरतात, म्हणजे आपल्या तट्टूला सुमारे 10 मिलिग्रॅम. डब्यावरचे आकडे मात्र नीट वाचा. समजा, लिहिले आहे: एका किलोत 200 मिलिग्रॅम बायोटिन, रोज 20 ग्रॅम द्या. मग रोज पोटात गेले फक्त 4 मिलिग्रॅम. तट्टूला 50 ग्रॅम लागेल आणि किलोचा डबा वीस दिवसांत संपेल. डब्याची किंमत पाहू नका, रोजच्या 10 मिलिग्रॅमला किती रुपये पडतात ते काढा. मायक्रोग्रॅममध्ये आकडा असेल तर हजाराने भागा.

एकट्या बायोटिनवर मात्र भिस्त ठेवू नये. खूर केराटिन या प्रथिनाचा, त्याला मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल लागते, शिवाय जस्त आणि तांबे. 500 किलोच्या घोड्याची रोजची गरज जस्त सुमारे 400 आणि तांबे सुमारे 100 मिलिग्रॅम; डब्यातही हे प्रमाण तीन-चारास एक असावे. जिलेटिनच्या पावडरी मला पटत नाहीत, त्यात मेथिओनिन फारच कमी. कच्ची अंडी घालायची सवय असेल तर ती आधी सोडा, कारण पांढऱ्यातले ॲव्हिडिन बायोटिनलाच बांधून टाकते.

लोह घातलेला डबा घेऊ नका. आपली जांभ्याची माती लोहाने भरलेली आहे आणि चाऱ्याला चिकटून ती पोटात जातेच. सेलेनियमबाबत तर फारच जपा. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे 1 मिलिग्रॅम पुरते. ते फार झाले तर आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुराला आडव्या भेगा जातात, म्हणजे ज्यासाठी औषध घातले तेच बिघडते. दोन डबे एकत्र द्यायचे असतील तर दोन्हींतल्या सेलेनियमची बेरीज करा. गुरांचे खाद्य तर घोड्याला कधीच देऊ नका. काहींत मोनेन्सिन हे गुरांसाठीचे औषध मिसळलेले असते, आणि थोड्याशा मात्रेनेही ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करून जीव घेते.

डबा लहान घ्या. उघडल्यावर हवाबंद बरणीत ठेवा, आपल्याकडच्या पावसात पावडरीचे ढेकूळ व्हायला आठवडा पुरतो. नवी पावडर चार-पाच दिवस चिमूट-चिमूट वाढवत द्या, म्हणजे घोडा बादली सोडत नाही.

शेवटचे काम खुणेचे. केस संपतात त्या रेषेच्या अगदी खाली नालबंदाकडून कानशीने बारीक, उथळ रेघ मारून घ्या आणि फोटो काढा. भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते, आणि पुढच्या टोकापर्यंत पोहोचायला नऊ ते बारा महिने जातात. चवथीला सुरू केलेल्या आहाराचे खूर पुढच्या चवथीलाच जमिनीला टेकते. मध्येच डबा बदलला तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

त्या घोडीचा कोंडा बंद केला, लसूणघास सुरू केला आणि तीनपैकी एकच डबा ठेवला. शिगम्याच्या दिवसांत पाय उचलला तेव्हा रेघ तीन बोटे खाली सरकली होती. तिच्या वरची भिंत ताठ आणि गुळगुळीत होती. खालची कड अजून तुटत होती, आणि नालबंद तेवढीच कापत होता.