बाहेरगावचे दोस्त आले की त्यांना मालवणी जेवायला कसं न्यायचं

दिल्ली-लखनौकडचे मित्र मुंबईत आले की पहिला प्रश्न ठरलेला, वडापाव कुठे चांगला मिळतो. तो खायला घाला, पण एक रात्र तरी दादर-माहीमकडच्या मालवणी हॉटेलात न्याच. फक्त नीट प्लॅन करून न्या, नाहीतर काय होतं ते खाली सांगतोच.

आधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे का, आणि त्या दिवशी कोणाचा उपवास किंवा 'आज नॉनव्हेज नाही' असा वार आहे का. हे टेबलावर बसल्यावर कळलं की सगळ्यांचीच पंचाईत. कोणी पक्का शाकाहारी असेल तर काळ्या वाटाण्याची उसळ, काजूची उसळ असं काय काय मिळतं तेही आधी हॉटेलला विचारा, आणि तव्याचं, तेलाचं सोवळं पाळणारा असेल तर त्याला या हॉटेलात आणूच नका, उगाच दोघांनाही त्रास.

दिवस निवडताना रविवार आणि बुधवार टाळा, शुक्रवारीही गर्दी असते. उलट सोमवारी, गुरुवारी निवांत जागा मिळते आणि श्रावणात तर काय, वेटर स्वतः येऊन गप्पा मारतो. पावसाळ्यात मात्र एक लक्षात ठेवा, आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत ताजा माल कमी आणि भाव चढे, तेव्हा मित्राला कोंबडी-वडेच खायला घाला, त्यातही काही कमी नाही.

बऱ्याच ठिकाणी दुपार आणि रात्र यांच्या मध्ये किचन बंद असतं, आणि टेबल बुकिंग वगैरे भानगड नसते, दारात एक माणूस वहीत नाव लिहून घेतो. म्हणून आठच्या आधी पोचा. उशीर झाला की बांगडा संपला, बोंबील संपले, हे ऐकावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, ऑर्डर. मेन्यूकार्ड पाहुण्याच्या हातात देऊ नका! तो बिचारा 'फिश करी' शोधणार. ऑर्डर तुम्हीच द्यायची, आणि एकदम नाही, थोडी थोडी. मी एकदा उत्साहाच्या भरात सगळ्यांसाठी बांगडा थाळी मागवली, त्यातल्या एकाने आयुष्यात काटेवाला मासा खाल्ला नव्हता, पहिल्याच घासाला काटा लागला आणि पुढे सगळी संध्याकाळ तो भात-सोलकढीवर बसला. चूक माझी, माशाची नाही. तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी बोंबील फ्राय, रव्यात घोळवलेला, बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. या माशात पाणीच फार, म्हणून तळण्याआधी दाबून काढावं लागतं, आणि इंग्रजीत याला 'बॉम्बे डक' म्हणतात पण बदकाशी काही संबंध नाही, हे सांगितलं की टेबलावर पहिला हशा मिळतो. त्यानंतर सुरमईची तुकडी, मधला काटा बाजूला केला की बाकी गर सलग सुटतो. मग कोळंबी, आणि हे सगळं पचलं तरच बांगडा आणि तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या). खेकडा मागवायचा तर जेवायला तासभर हाताशी ठेवा, फोडण्यातच वेळ जातो.

हा क्रम सगळ्यांना लागू नाही हं. बंगाली मित्र असेल तर थेट बांगडा द्या, इलिशचे काटे काढून मोठी झालेली माणसं ती, फक्त 'नदीचा मासा नाही का' हा प्रश्न येणारच. केरळचा असेल तर त्याला खोबऱ्याच्या वाटणाचं काय कौतुक, पण आंबटपणा कशाचा हे नक्की विचारेल. आपलं कोकम आणि त्यांची कुडमपुळी एकाच कुळातली झाडं, एवढं सांगा आणि गप्प बसून बघा, पुढचा अर्धा तास तोच बोलतो.

पापलेटचं एक. बऱ्याच ठिकाणी कार्डावर भाव लिहिलेला नसतो, साइजप्रमाणे असतो. वेटरला मोकळेपणाने विचारा 'केवढं आहे, कितीला?' पाहुण्यासमोर विचारायला लाजाल तर बिल आल्यावर घाम फुटेल. शक्य असेल तर मासा टेबलावर आणून दाखवायला सांगा, कोणी नाही म्हणत नाही.

भाकरी तांदळाची घ्या, चपाती नको. थाळीत बहुतेक वेळा सुक्या जवळ्याची किंवा सुकटीची चिमूटभर वाटी येते, तिचा वास नव्या माणसाला झेपत नाही, तर आधीच सांगून ठेवा की हा चटणीसारखा प्रकार आहे, बोटभर घे, नाही आवडला तर माझ्याकडे सरकव. (मला दोन वाट्या चालतात.) रस्सा तिखट लागला की लोक पाणी पितात, त्याने काही होत नाही, सोलकढीचा घोट द्या. पण पहिलाच ग्लास रिकामा करू देऊ नका, शेवटी भातावर घ्यायला उरली पाहिजे, आणि काही ठिकाणी दुसरी वाटी एक्स्ट्रा लागते.

हाताने खायचं. काट्या-चमच्याने काटा सापडत नाही, बोटांना सापडतो, एवढंच कारण पुरे आहे.

बिलाची मारामारी नको असेल तर हात धुवायला जाताना काउंटरवर पैसे देऊन या. गोडाची वाट तिथे बघू नका, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुल्फी खात बसा. आणि हो, हात धुताना लिंबू मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लाइटमध्ये मित्राच्या बोटांना बांगड्याचा वास येतो आणि मेसेज तुम्हाला येतो.