मुलाचा मोबाईल सोडवायचाय? आधी या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद ठेवायचे, असं गावानेच २०२२ मध्ये ठरवलं. मला यातली एकच गोष्ट घरी आणावीशी वाटते: तो भोंगा फक्त पोरांसाठी वाजत नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. बाबा सोफ्यावर रील्स बघत म्हणतात, "ठेव तो फोन!" मूल कशाला ऐकेल? जी वेळ ठरवाल ती सगळ्यांसाठी ठरवा, मग ती अर्धा तास का असेना.

दुसरी चूक ताटापाशी होते. फोन समोर धरला की मूल पटापट खातं, पण त्याचं लक्ष ना चवीकडे असतं ना पोट भरल्याकडे. ही सवय एका दिवसात मोडायला जाऊ नका. आधी फक्त रात्रीचं जेवण बिनफोनचं करा, सगळ्यांनी एकत्र बसून. सुरुवातीला मूल कमी जेवेल, त्याने घाबरू नका. खरी अडचण आजीची असते. "चार घास तरी पोटात जाऊ देत गं!" तिच्याशी मुलासमोर वाद घालू नका, ते लगेच हेरतं की फोन कुणाकडे मागायचा. त्यापेक्षा भरवण्याचं काम तिच्यावरच सोपवा. चिऊचा घास, काऊचा घास तिच्याइतका रंगवून कुणाला सांगता येतो?

बंद करताना आकांडतांडव होतं? बहुधा आपण चालू व्हिडिओच्या मधेच फोन ओढून घेतलेला असतो. "पाच मिनिटांत बंद" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. "हे गाणं संपलं की बंद" कळतं. त्यासाठी यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर गाणं कधी संपतच नाही. यूट्यूब किड्समध्ये टायमरही आहे. तरीही रडलं तर रडू द्या, जवळ बसा. एकदा का रडण्यापुढे हार मानलीत, की उद्या सूर आणखी वरचा लागतो.

"पाढे म्हण, मग मोबाईल देते" हा सौदाही नको. त्याने पाढ्यांची किंमत उतरते आणि मोबाईलची चढते.

किती वेळ चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं. परगावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल मी यात धरत नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र मी तासांपेक्षा झोप आणि मैदान बघते. रोज बाहेर उजेडात खेळणं डोळ्यांसाठीही चांगलं. त्याने चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. चार्जर हॉलमध्ये ठेवा, म्हणजे रात्री फोन उशाशी जाणार नाही. तुमचासुद्धा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

राहिला व्हॉट्सॲपवर येणारा गृहपाठ. "अभ्यास करतोय" म्हणत तासभर फोन मुलाच्या हातात राहतो. गृहपाठ वहीत उतरवून घ्यायला लावा आणि फोन परत घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.