ईव्हीची बॅटरी तापतेय? कूलिंगच्या बाबतीत या चुका टाळा

बॅटरी गरम व्हायला लागली की लोक आधी तिच्या आतल्या सेलला नावं ठेवतात, पण बऱ्याचदा सेल ठणठणीत असतात आणि त्यांची उष्णता बाहेर जायची वाटच कुठेतरी अडलेली असते. लिथियम-आयन बॅटरीला साधारण १५ ते ३५ डिग्री मानवतं, रोजच ४५ च्या आसपास राहिली तर तिचं आयुष्य भराभर कमी होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कूलंटचा, म्हणजे बॅटरी गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाचा. बाटलीतली लेव्हल खाली गेलेली दिसली की ओतलं नळाचं पाणी, हे अजिबात करू नका. त्यातल्या क्षारांमुळे आत गंज धरतो, आणि असं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणूनच बऱ्याच ईव्हींना कमी वीज वाहणारा खास कूलंट सांगितलेला असतो. रंग जुळला म्हणून कूलंट तोच असं नसतं, मॅन्युअलमधलं नाव बघा. आणि मुळात हे सर्किट बंद असतं, त्यामुळे लेव्हल सारखी खाली जात असेल तर कुठेतरी लीक आहे, नुसतं टॉपअप करत राहू नका. हाच लीक बॅटरी पॅकच्या आत झाला तर इन्सुलेशन फॉल्ट (वीज बॉडीकडे गळतेय असा इशारा) येऊन गाडी जागेवरून हलत नाही.

कूलंट बदलल्यावर लाईनमध्ये हवा अडकली तरी तोच त्रास होतो, लेव्हल बरोबर दिसते, पंपही फिरतो, पण बॅटरीला गार करणाऱ्या प्लेटमधून नीट प्रवाहच जात नाही. बऱ्याच गाड्यांत ही हवा स्कॅन टूलने (गाडीला जोडायच्या तपासणी यंत्राने) पंप आणि व्हॉल्व्ह चालवून काढावी लागते, पेट्रोल गाडीसारखं झाकण उघडं ठेवून भागत नाही. सर्व्हिसनंतर आतून गुळगुळ आवाज येत असेल तर गाडी परत दाखवा.

आता एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत असते. लिक्विड कूलिंगच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा कूलंट गार करायला चिलर असतो आणि तो एसीच्याच गॅसवर चालतो. म्हणजे एसी नीट गार करत नाहीये, हल्ली फास्ट चार्जिंगही मधेच हळू होतंय, अशा दोन तक्रारी एकदम आल्या तर बॅटरी तपासायच्या आधी गॅस आणि कंप्रेसर तपासून घ्या. पुढचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) चिखलाने, पानांनी भरला असेल तरी हेच होतं, पण तो धुताना प्रेशर वॉशर जवळून मारू नका, त्याच्या पातळ पत्र्या (फिन्स) वाकतात आणि हवा कायमची अडते.

चार्जिंगचं म्हणाल तर करंट दुप्पट झाला की सेलच्या आतल्या रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता चौपट होते. त्यामुळे गाडी जोरात पळवून आणली आणि लगेच फास्ट चार्जरला लावली, असं रोज नको, खासकरून ज्या गाड्यांत लिक्विड कूलिंगच नाही त्यांना. निसान लीफचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, लांबच्या प्रवासात लागोपाठ फास्ट चार्ज केलं की पॅक तापायचा आणि गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करायची. तो बिघाड नव्हता, ती बॅटरी स्वतःला वाचवत होती.

स्कूटरचं तर आणखी जपायला हवं, कारण बहुतेकींत फक्त बाहेरचं कव्हर उष्णता सोडतं. काढलेली बॅटरी गादीवर किंवा बंद कपाटात ठेवून चार्ज करू नका, आणि गार व्हावी म्हणून ओलं फडकं तर मुळीच नको. अर्धा-पाऊण तास सावलीत मोकळी ठेवा, मग लावा. १०० टक्के भरून उन्हात दिवसभर उभी ठेवणंही वाईटच.

गाडी बंद केल्यावर फॅन आणि पंप थोडा वेळ चालू राहिला तर घाबरून वायर काढू नका, तो त्याचं काम करतोय. पण पॅक फुगलाय, सीऽऽ असा आवाज येतोय, विचित्र गोडसर वास किंवा धूर आहे, तर तापमान बघत थांबू नका, सगळ्यांना लांब घेऊन जा आणि फायर ब्रिगेडला फोन करा. विझलेली बॅटरी काही तासांनीही परत पेटू शकते, म्हणून ती गाडी नंतर इमारतीपासून आणि बाकीच्या गाड्यांपासून दूर, मोकळ्या जागेतच ठेवायची.