भाडेकरू घर सोडत नाहीये? महाराष्ट्रात कायद्याने ताबा कसा घ्यायचा

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण बहुतेक घरमालक इथेच चुकतात आणि मग स्वतःच आरोपी होऊन बसतात. भाडेकरूने चार महिने भाडं दिलं नसेल, फोन उचलत नसेल, वर उद्धट बोलत असेल, तरी तो गावाला गेलाय बघून कुलूप बदलायचं नाही. सामान जिन्यात काढायचं नाही, पाणी बंद करायचं नाही, लाईट तोडायची नाही, आणि चार पोरं पाठवून दम तर मुळीच द्यायचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम २९ आहे, त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट असल्या गरजेच्या सोयी योग्य कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे आणि कोर्ट त्या परत चालू करून द्यायला लावतं. जबरदस्तीने बाहेर काढलंत तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नच निघत नाही, फक्त ताबा कोणाकडे होता आणि तो कायदा सोडून काढला का एवढंच बघतात. म्हणजे घर तुमचं, भाडं तुमचं बुडलेलं, आणि कोर्टात मान खाली घालून उभे तुम्हीच.

पोलिसात जाऊन पण ताबा मिळत नाही. ते सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवतात आणि ते बरोबरच सांगतात. मारहाण, धमकी, तोडफोड झाली असेल तर तक्रार जरूर द्या, पण तो वेगळा विषय झाला.

आता कपाट उघडा आणि तुमच्याकडे कागद कुठला आहे ते बघा. पुढचा सगळा रस्ता त्या एका कागदावर ठरतो. लिव्ह अँड लायसन्स आहे का भाडेकरार? की जुनी पागडीची (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) खोली आहे, की नुसतं तोंडी? लिव्ह अँड लायसन्समध्ये माणूस तुमच्या परवानगीने ठराविक मुदतीपुरता राहतो, कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो पण कोर्टात जमीन अस्मानाचा फरक पडतो.

आणि रजिस्टर केलंय का? हे मी आमच्या आत्याच्या फ्लॅटवरून शिकलो. पहिल्या वर्षी व्यवस्थित रजिस्टर ॲग्रीमेंट केलं, मग माणसं चांगली वाटली म्हणून पुढची दोन वर्षं "चालू दे आहे तसंच" असं फोनवर ठरलं, भाडं कधी बँकेत तर कधी रोख, आणि जेव्हा घर हवं झालं तेव्हा समोरचा म्हणाला की आम्ही तर कायमचे भाडेकरू आहोत. आत्याला रात्र रात्र झोप लागायची नाही. लोकांना वाटतं ११ महिन्यांचं केलं आणि नोटरी मारली की झालं. इतर राज्यांत वर्षाच्या आतल्या भाडेकराराला रजिस्ट्रेशनची सक्ती नसते त्यावरून हे पसरलंय, पण महाराष्ट्रात याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, मुदत कितीही असो, लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजेच, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहेच, पण खरा फटका वेगळा आहे, तो म्हणजे कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात, जोपर्यंत तुम्ही उलट सिद्ध करत नाही तोपर्यंत.

राहण्यासाठी दिलेलं घर, रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स, मुदत संपलेली, असं असेल तर तुमचं काम बऱ्यापैकी सोपं आहे. कलम २४. यात दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवायचा नसतो, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. वकील लोक याला कॉम्पिटंट अथॉरिटी म्हणतात, विभागाप्रमाणे त्यांची ऑफिसं आहेत. अर्जासोबत ॲग्रीमेंटची कॉपी, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन झाल्याचा नोंदणी ऑफिसचा उतारा), घर आपलं असल्याचे कागद आणि नोटीस दिली असेल तर तिची कॉपी नि पोचपावती लावा. मुदत संपली की वेगळी नोटीस लागतेच असं नाही, पण वकिलाकडून एक पाठवाच, कधी कधी लोक त्यावरच निघून जातात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लायसन्सीला प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश होतो. ॲग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय तो इथे निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून "मी खरं तर भाडेकरूच होतो" ही पळवाट चालत नाही. आणि मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, महिना २०,००० फी असेल तर ४०,००० रुपये, ही मागणी अर्जात आणि नोटिशीत दोन्हीकडे स्पष्ट लिहा.

मुदत संपल्यावर त्याने पैसे पाठवले तर? गप्प बसून घेत राहू नका. लगेच लेखी कळवा, मेसेजने किंवा ईमेलने, की ही रक्कम नुकसानभरपाईपोटी आणि आमचे हक्क राखून घेतोय, याने मुदत वाढली असं समजू नये. एक ओळीचं काम आहे. मुदतीच्या आधीच काढायचं असेल तर मात्र ॲग्रीमेंटमधलं लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही ती मुदत) आणि नोटिशीचं कलम नीट वाचा आणि तिथे लिहिलंय त्याच पद्धतीने रद्द करा, एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर पंधरा दिवसांची देऊन भागत नाही. दुकान, ऑफिससाठी दिलेली जागा कलम २४ मध्ये येत नाही, तिथे कोर्टच.

आता भाडेकरार किंवा पागडी. इथे धीर लागतो, खोटं सांगत नाही. भाडेकरू ठरलेलं भाडं देतोय आणि अटी पाळतोय तोवर त्याला संरक्षण आहे, आणि मला ते चूक वाटत नाही, आयुष्यभर एका खोलीत काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला मालकाच्या मर्जीवर बाहेर काढता येऊ नये. पण मालकाच्या बाजूनेही कारणं आहेत, ती मुख्यतः कलम १५ आणि १६ मध्ये आहेत. भाडं थकलं असेल तर लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं, त्याआधी दावा लावलात तर तो टिकत नाही. दावा लागल्यावर सुद्धा समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला नि पुढेही भरत राहिला तर थकबाकीच्या कारणावर घर मिळत नाही, पैसे मिळतात. ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

बाकी कारणं म्हणजे लेखी संमती न घेता पक्कं बांधकाम केलं, बेकायदा पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, किंवा दाव्याच्या आधी सलग सहा महिने योग्य कारण नसताना घर वापरलंच नाही. एअर कंडिशनर किंवा किचनचा ओटा म्हणजे पक्कं बांधकाम नव्हे, त्यावर केस उभी करू नका. घर न वापरल्याच्या कारणासाठी लाईटची बिलं आणि शेजाऱ्यांची साक्ष फार उपयोगी पडते.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण म्हणजे स्वतःची खरी गरज, मुलाचं लग्न झालंय, जागा पुरत नाही वगैरे. गरज प्रामाणिक पाहिजे, आणि ती सिद्ध झाली तरी कोर्ट तोलून बघतं की जास्त अडचण कोणाची होईल, घर दिलं नाही तर मालकाची की दिलं तर भाडेकरूची, म्हणून त्याची दुसरीकडे जागा असेल तर तो पुरावा आधी गोळा करा. आणि गरजेचं कारण देऊन घर घेतलंत पण महिनाभरात राहायला गेला नाहीत किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलंत तर जुना भाडेकरू कलम १७ खाली परत येऊ शकतो. खोटी गरज दाखवू नका, कृपा करून.

हे दावे मुंबईत स्मॉल कॉजेस कोर्टात (लघुवाद न्यायालयात) चालतात, जिथे ते कोर्ट नाही तिथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. सैन्यातल्या लोकांना, सैन्यातून निवृत्त झालेल्यांना आणि त्यांच्या विधवांना स्वतःच्या गरजेसाठी घर हवं असेल तर कलम २३ आहे, ते पण सक्षम प्राधिकाऱ्याकडे चालतं आणि लवकर होतं, हे खूप फौजी कुटुंबांना माहीतच नसतं.

आत्याचं शेवटी तडजोडीत मिटलं. दोन महिन्यांचं थकलेलं भाडं सोडलं, डिपॉझिट पूर्ण परत द्यायचं ठरवलं, आणि सोडायची तारीख घालून दोघांच्या सह्यांनी लिहून घेतलं. माझं मत विचाराल तर पहिली नोटीस गेल्यावर एकदा समोरासमोर बसून हा प्रयत्न कराच. केस चालू असेल तर तडजोड कोर्टात संमतीपत्र म्हणून दाखल करा, नुसता शब्द घेऊ नका. डिपॉझिटचा चेक चावी हातात आल्यावरच द्या, आधी नाही, नंतर कधीतरी पण नाही, त्याच वेळी. त्या दिवशी मीटरचं रीडिंग, सोसायटीची थकबाकी, प्रत्येक खोलीचे फोटो आणि "रिकामा व शांततापूर्ण ताबा दिला" अशी तारखेसह पावती, दोन साक्षीदारांच्या सह्या. आत्याने ती पावती झेरॉक्स काढून मूळ ॲग्रीमेंटच्याच फाईलमध्ये लावली, आणि कुलूप मग बदललं.