डाव उधळला की मुद्दाम हरू नका: खेळात मोठ्यांकडून होणाऱ्या चुका

सापशिडीत सोंगटी अगदी वर पोचलेली असते आणि नेमका फासा सापाच्या तोंडी नेतो. पाच वर्षांच्या मुलाचे ओठ थरथरतात, पट उधळला जातो. ‘मी नाही खेळत, जा!’ पुढच्या डावात आपण गुपचूप हरतो. रडं थांबतं, पण हरणं पचवायचा सराव बुडतो. बाहेरचे सवंगडी कायम कच्चा लिंबू म्हणून सांभाळून घेत नाहीत. त्यापेक्षा ‘जिंकत आला होतास, राग येणारच’ एवढंच म्हणा, सोंगट्या त्यालाच गोळा करू द्या. सुरुवातीला पाच मिनिटांत संपणारे डाव बरे. हार छोटी असते.

‘शहाण्यासारखं वाग’ म्हणून भागत नाही. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. पण तेच मूल ‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर नाक खाजलं तरी हलत नाही! खेळात मूल स्वतःपेक्षा जणू डोकंभर उंच असतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की १९३३ मध्ये म्हणाले होते. तिथला नियम त्याने आपणहून पत्करलेला असतो.

म्हणूनच ‘डॉक्टर मीच होणार’ या भांडणात न्यायाधीश बनून धावू नका. चावणं, मारणं सुरू झालं तर हात धरा. नाहीतर दोन मिनिटं नुसता कानोसा घ्या. बऱ्याचदा एक डॉक्टर होतो आणि दुसरा ‘मोठा डॉक्टर’. असा तोडगा आपल्याला सुचला नसता. धिंगामस्तीतही तेच: दोघंही हसताहेत तोवर चालू द्या, एकाचं हसू मावळलं की थांबवा.

खेळ मध्येच तोडला की आकांडतांडव ठरलेलं. ‘पाच मिनिटांत निघायचंय’ हे लहानग्याला कळत नाही, ‘अजून दोनदा घसरगुंडी’ कळतं. आणि रडं आलं की लगेच मोबाइल हातात नको. रडून शांत होणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट आहे.

दवाखान्यातून आल्यावर मूल बाहुलीला दणादण इंजेक्शनं देतं, वर दरडावतं. ‘असं नाही करायचं’ म्हणून तिथे टोकू नका. भीती आता त्याच्या हातात आली आहे, उलटीपालटी करून बघतंय. मात्र तोच भीतीचा प्रसंग आठवडेच्या आठवडे खेळूनही मूल हलकं न होता आणखी घाबरत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.