आरोग्य हेल्पलाइनला फोन लावण्याआधी

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, बोलणं अडखळू लागलं किंवा छातीत जोराची कळ आली, तर सल्ल्याच्या हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. थेट रुग्णवाहिका बोलवा.

एरवी फोन लावलात की पलीकडून आधी श्वास, रक्तस्राव, शुद्ध याबद्दल विचारतात. दुखतंय पोट आणि हे काय भलतंच, असं वाटतं खरं. पण समोरच्या स्क्रीनवर प्रश्नांची साखळी ठरलेली असते: आधी जिवाला धोका नाही ना ते बघायचं, मग बाकीचं. थोडक्यात उत्तरं दिलीत तर गाडी लवकर पुढे सरकते.

फोन रुग्णाजवळ बसूनच करा. ‘श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का?’ याचं उत्तर दुसऱ्या खोलीतून काय देणार? औषधांची पाकिटं हाताशी हवीत. नावाइतकेच त्यावरचे मिलिग्रॅम महत्त्वाचे, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला तेही. लहान मुलाचं वजनही विचारतात, कारण पॅरासिटामॉलसारख्या औषधाचा डोस बहुधा वजनावरून ठरतो.

अंगावरचे चट्टे शब्दांत सांगणं महाकठीण. काही सेवा मेसेजवर लिंक पाठवून फोटो किंवा व्हिडिओ घेतात. तशी सोय आहे का, विचारा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅशने रंग फसवा येतो.

फोन ठेवण्याआधी एवढं विचाराच: ‘काय झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा?’ उत्तर लगेच लिहून ठेवा.